सागरी मासेमारीचे नियमन आणि मूल्यमापनाचा अभाव : १९८१ च्या अधिनियमाची एक चिकित्सा

प्रस्तावना

शासनाने एखादा नियम केला, तो राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि अंमलात आला, म्हणजे नियमनाचे कार्य पूर्ण झाले असे आपल्याकडे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्या हेतूने तो नियम केला तो हेतू पुढे साध्य झाला किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावर आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्याच्या पुस्तकात बहुधा सापडत नाही. शासकीय योजनांच्या बाबतीत परिस्थिती इतकी कोरडी नाही. नियोजन आयोगाच्या काळात, १९५२ सालीच, कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली होती. २०१५ मध्ये तिचे रूपांतर नीती आयोगाच्या अखत्यारीतील विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात झाले. महाराष्ट्राला तर याहून जुनी परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो सार्वजनिक कामाचे फलित कसे मोजावे याचा वस्तुपाठ मानला जातो. परंतु कालवा हा खर्च आहे आणि नियम ही मनाई आहे. खर्चाचा हिशोब मागण्याची सवय राज्यव्यवस्थेला लागली. मनाईचा हिशोब मागण्याची लागली नाही. मनाईसाठी तिजोरीतून फारसे काही जात नाही, हे त्याचे एक कारण असावे. जे जाते ते नागरिकाच्या खिशातून जाते आणि त्याची नोंद शासनाच्या कोणत्याही खातेवहीत होत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ (महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ५४) या कायद्याच्या आणि त्याखाली ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघालेल्या पर्ससीन मासेमारीविषयक आदेशाच्या आधारे करावयाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर, विशेषतः मालवण तालुक्यात, हा विषय केवळ प्रशासकीय नाही. दांडी, सर्जेकोट, देवबाग, आचरा या गावांतील कुटुंबांच्या उपजीविकेचा तो प्रश्न आहे, आणि या किनाऱ्यावर त्याने वेळोवेळी संघर्षाचे रूपही घेतले आहे. आदेश योग्य होता की अयोग्य, पारंपरिक मच्छीमारांची बाजू खरी की पर्ससीनधारकांची, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. तो निवाडा करता येण्यासारखी सामग्री गोळा करण्याचे बंधन कायद्याने कोणावरच का घातले नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अधिनियमाची रचना

१९७० च्या दशकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात तीव्र संघर्ष सुरू झाला. गोव्यातील रांपणकारांचे आंदोलन हे त्याचे आपल्या अगदी शेजारचे उदाहरण होय. केंद्र शासनाने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली, तिच्या शिफारशींतून राज्यांसाठी एक नमुना विधेयक तयार झाले, आणि प्रादेशिक समुद्रातील म्हणजे १२ सागरी मैलांच्या आतील मासेमारी हा राज्यांचा विषय असल्यामुळे एकेका राज्याने ते आपलेसे केले. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये.

या कायद्याचा गाभा एकाच कलमात आहे. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या प्रकारच्या नौकांनी, कोणत्या जाळ्यांनी, कोणत्या काळात आणि किती संख्येने मासेमारी करावी हे ठरविण्याचा अधिकार हे कलम राज्य शासनाला देते. हा अधिकार मोकळा सोडलेला नाही, ही त्या कलमाची जमेची बाजू आहे. मासेमारीवर उपजीविका करणाऱ्या निरनिराळ्या वर्गांचे, विशेषतः पारंपरिक साधने वापरणाऱ्यांचे हितसंरक्षण, मत्स्यसाठ्याचे जतन व शास्त्रीय पायावर नियमन, आणि समुद्रातील कायदा व सुव्यवस्था, या बाबी शासनाने आदेश काढताना ध्यानी घ्यावयाच्या आहेत. शिवाय सल्लागार समितीशी विचारविनिमयही करावयाचा आहे.

येथपर्यंत कायदा निर्दोष वाटतो. तथापि या सर्व अटी आदेश काढण्यापूर्वीच्या आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पारंपरिक मच्छीमारांचे हित ध्यानी घेऊन आदेश काढावयाचा. आदेश काढल्यानंतर ते हित खरोखर राखले गेले का, हे ठरावीक काळाने तपासण्याचे कर्तव्य अधिनियमाने कोणावर टाकलेले नाही. समितीला आधी विचारावयाचे, नंतर तिच्याकडे परत जाऊन काय घडले ते सांगावयाचे नाही. मत्स्यसाठ्याचे जतन हा हेतू कलमात स्पष्ट लिहिला आहे, पण जतन झाले असे केव्हा म्हणावयाचे, याची कसोटी कोठेही नाही.

कोणी म्हणेल की विधिमंडळाचे नियंत्रण आहेच. आपल्या बहुतेक राज्य अधिनियमांत, त्याखाली केलेले नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर एकूण तीस दिवस ठेवावेत, अशी तरतूद असते. परंतु ही तपासणी नियम मूळ अधिनियमाच्या चौकटीत बसतो काय, एवढ्यापुरतीच असते. नियम समुद्रावर काय करतो, हा त्या तपासणीचा विषयच नसतो. शिवाय ती नियमाच्या जन्माच्या वेळी होते. जन्मनोंद आणि प्रकृतीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा परिणाम काय होतो, हे अधिनियमातील शास्तीच्या तरतुदीवरून दिसते. मूळ कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता. मोठ्या प्रकरणांत तो त्या किमतीच्या पाचपटीपर्यंत आणि लहान प्रकरणांत काही हजार रुपयांच्या मर्यादेत होता. १९८१ साली हा आकडा धाक वाटण्याजोगा असेल. पुढे रुपयाचे मोल घसरत गेले, नौकांची इंजिने मोठी झाली, एका फेरीतील उत्पन्नापुढे दंड किरकोळ ठरू लागला, आणि तरीही ही चौकट बदलण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. २०२१ च्या सुधारणेने दंड लाखांच्या घरात नेले (नियमबाह्य पर्ससीन मासेमारीसाठी १ लाखापासून ६ लाखांपर्यंत, एलईडी दिव्यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत) आणि निवाड्याचे काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे सोपविले. सुधारणा स्वागतार्ह होती यात शंका नाही. पण दर पाच वर्षांनी दंडाच्या परिणामकारकतेचा अहवाल देण्याचे बंधन मूळ कायद्यात असते, तर हे दुखणे १९९० च्या आसपासच नोंदले गेले असते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला ते तेव्हाही ठाऊक होते.

५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश

आदेशाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. रापण हे या किनाऱ्याचे जुने सामुदायिक जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळाकार टाकले जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभी असलेली माणसे ओढतात; मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. रापण माशांच्या मागे जात नाही, मासे तिच्या टप्प्यात यावे लागतात. पर्ससीन जाळ्याचे तंत्र याच्या उलट आहे. समुद्रात बांगडा किंवा तारलीचा थवा शोधून त्याला वेढा घातला जातो आणि बटव्याची नाडी ओढावी तशी जाळ्याची खालची दोरी ओढून थवाच्या थवा बंद केला जातो. थवा बाहेरच अडविला गेला तर रापणीच्या वाट्याला तो येणार नाही, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार समजण्यास अवघड नाही.

शासनाने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यावर आधारित आदेश २०१६ मध्ये निघाला. आदेशाने पर्ससीन मासेमारीस १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा चार महिन्यांचा काळ ठरवून दिला, किनाऱ्याचे भाग पाडून क्षेत्रीय मर्यादा घातल्या, जाळ्याच्या आसाची किमान मर्यादा २५ मिलिमीटर ठेवली, नवे परवाने बंद केले आणि असलेले ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ वर व अखेरीस १८२ वर आणण्याचे ठरविले.

या आदेशातील आकड्यांचे स्वरूप पाहावे. महिने चार, आस २५ मिलिमीटर, परवाने १८२, हे सर्व आकडे साधनांचे आहेत. साध्याचा एकही आकडा त्यांत येत नाही. परवाने १८२ झाल्यावर बांगड्याच्या साठ्यात, रापणीच्या उत्पन्नात अथवा किनाऱ्यावरील तंट्यांत किती फरक पडावा अशी अपेक्षा होती? २०१६ साली या तिन्ही बाबतींत आरंभस्थिती काय होती? ती नोंदविल्याशिवाय पुढील स्थितीची तुलना कशाशी करावयाची? साधनालाच साध्य समजल्यामुळे असे होते की परवान्यांची संख्या कमी झाली म्हणजे आदेश यशस्वी झाला असे कार्यालयीन अहवालात लिहिता येते. परंतु परवान्यांची संख्या कागदावर मोजली जाते आणि जाळी समुद्रात पडतात. विनापरवाना नौका आणि परराज्यांतून येणारे वेगवान ट्रॉलर या हिशोबात धरलेले नसतात. शेजारच्या गोवा आणि कर्नाटकात पर्ससीन नौकांचा मोठा ताफा आहे आणि बांगड्याला राज्याची हद्द समजत नाही.

कालमर्यादेचाही असाच प्रश्न आहे. सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने पर्ससीनला दिले, आणि पावसाळ्यानंतर बांगडा किनाऱ्याजवळ येण्याचा व रापणीचा भराचा हंगाम साधारणतः याच महिन्यांत असतो. अर्थात म्हणूनच क्षेत्रीय मर्यादा घातल्या, असे उत्तर यावर देता येईल आणि ते तर्कसंगत आहे. मात्र काळाची सवलत आणि क्षेत्राचा निर्बंध यांचा एकत्रित परिणाम रापणीला तारक झाला की मारक, हे तर्काने ठरणार नाही. ते मोजावे लागेल.

आकड्यांचे साक्षीदार

मोजमाप नसले की काय होते, याचे उदाहरण २०१९ या वर्षाने दिले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षी महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २.०१ लाख टनांवर आले. २०१८ मध्ये ते २.९५ लाख टन होते. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. आदेश निघून तीन वर्षे झाली होती. मग आदेश फसला असे म्हणावयाचे काय? पारंपरिक मच्छीमार म्हणू शकतात की अंमलबजावणीच झाली नाही, म्हणून उत्पादन घसरले. पर्ससीनधारक म्हणू शकतात की आमच्यावर निर्बंध घातल्यामुळेच राज्याचे उत्पादन घटले. शासन म्हणू शकते की हा निसर्गाचा कोप आहे; आणि त्यातही तथ्य आहे, कारण २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात लागोपाठ आली, नौका दिवसेंदिवस बंदरात अडकून पडल्या, आणि तो काळ नेमका पर्ससीनच्या चार महिन्यांतला व रापणीच्या हंगामातला होता. एकच आकडा तिन्ही पक्षांची साक्ष देतो. असा साक्षीदार निरुपयोगी असतो.

एकूण उत्पादन हा मुळातच या आदेशाचा चुकीचा मापदंड आहे, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. अधिनियमाने ‘राज्याचे मत्स्योत्पादन वाढावे’ असे म्हटलेले नाही. निरनिराळ्या वर्गांचे, त्यांतही पारंपरिक मच्छीमारांचे हित राखावे असे म्हटले आहे. म्हणजे प्रश्न वाटपाचा आहे. शंभर टन बांगडा एका नौकेने आणला काय किंवा वीस रापणींनी ओढला काय, टनांचा आकडा तोच राहतो. वाटे घेणारे हात मात्र बदलतात. ही माहिती मिळविणे अशक्य कोटीतील नाही. जेथे उत्पन्नाचे वाटे पडतात तेथे हिशोब ठेवावाच लागतो. रापण संघांचे हिशोब, मच्छीमार सहकारी संस्थांची दप्तरे, लिलावाच्या नोंदी, आणि बंदरावर उतरणाऱ्या मासळीची नमुना पाहणी यांतून हंगामवार चित्र उभे करता येईल. तुलनेसाठी निर्बंधांची तीव्रता भिन्न असलेले किनाऱ्याचे दोन भाग घेता येतील, म्हणजे वादळाचा परिणाम दोन्हीकडे सारखा धरून नियमाचा परिणाम वेगळा काढता येईल. ही पद्धत नवी नाही. कालव्याचा लाभ मोजावयाचा तर कालव्याखालच्या गावाशेजारी कोरडवाहू गाव ठेवून पाहावे लागते, तोच हा न्याय आहे.

अलीकडे देखरेखीची साधने वाढली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सागरी किनाऱ्यावर ड्रोनद्वारे गस्त सुरू झाली. त्यातून किती नौकांवर कारवाई झाली याचे आकडे मिळतील, आणि ते वाढलेले दिसतील. परंतु कारवाईची संख्या हा नियमाच्या यशाचा पुरावा नव्हे. ती वाढली तर अंमलबजावणी सुधारली असाही अर्थ होतो आणि उल्लंघन वाढले असाही. कमी झाली तरी हीच अडचण.

मूल्यमापनाचा अभाव सर्वांना सारखाच भोवतो असेही नाही. नियमाचा परिणाम तपासण्याचे कर्तव्य शासनाचे नसले की पुराव्याचा भार आपोआप तक्रारदारावर येतो. ज्याला नुकसान झाले त्यानेच ते सिद्ध करावयाचे. पर्ससीन नौकेचा मालक वकील देऊ शकतो, आकडेवारी तयार करून घेऊ शकतो. रापणीच्या वाटेकऱ्याकडे सांगण्यासारखे असते ते एवढेच, की पूर्वी मासळी मिळत होती आणि आता मिळत नाही. हे विधान कार्यालयात ‘भावनिक’ ठरते. मग मोर्चा, उपोषण, समुद्रात नौका अडविणे हेच पुराव्याचे पर्याय उरतात. आणि तसे घडले की अधिनियमातील तिसरा हेतू, म्हणजे कायदा व सुव्यवस्था, तेवढा तत्परतेने आठवतो.

याच किनाऱ्यावरची एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. पुढे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. ट्रॉलच्या जाळ्याला चौकोनी आसाचा खोला लावावा यासाठीचे प्रयत्न त्यातलेच. तो निधी देणाऱ्यांची अट अशी असते की मध्यावधी आढावा आणि अंतिम मूल्यमापन त्रयस्थांकडून झालेच पाहिजे. म्हणजे बाहेरच्या पैशातून चाललेल्या काही वर्षांच्या प्रकल्पाची परीक्षा अटळ, आणि याच समुद्रावर चार दशके लागू असलेल्या आपल्या कायद्याची परीक्षा ऐच्छिक. निधी देणाऱ्याला जो हक्क आहे तो मतदाराला असू नये, याचे समर्थन कसे करावे ते कळत नाही.

केरळचा धडा

भारतात अशी तपासणी कोठेच झाली नाही असे मात्र नाही. केरळने १९८० चा कायदा केल्यानंतर पावसाळी ट्रॉल बंदीवरून प्रचंड आंदोलने झाली आणि शासनाला एकामागून एक समित्या नेमाव्या लागल्या. १९८१ मध्ये बाबू पॉल समिती, त्यानंतर कलावार समिती, आणि १९८८ पासून प्रा. बालकृष्णन नायर समिती. यातील शेवटच्या समितीचे वैशिष्ट्य असे की बंदी आधी लागू झाली आणि तिचे परिणाम पुढील हंगामांत अभ्यासले गेले. या अहवालांचे मोल न्यायालयात कळून आले. केरळने प्रादेशिक समुद्रात पर्ससीन आदी जाळ्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ‘केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी’ या प्रकरणात वैध ठरविली (निवाडेसंग्रह १९९४), तेव्हा पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेविषयीचा न्यायालयाचा विचार समित्यांच्या अहवालांच्या आधाराने झाला होता. तात्पर्य, मूल्यमापनामुळे नियम दुबळा होतो ही भीती अनाठायी आहे. या प्रकरणात त्याने नियमाला आधार दिला.

तरीही केरळचे उदाहरण अपुरे आहे. तेथे तपासणी झाली ती रस्त्यावरच्या दबावामुळे, कायद्यातील कलमामुळे नव्हे. जेथे संघटना बलाढ्य, तेथे समिती. जेथे त्या विखुरलेल्या, तेथे शांतता, असा याचा अर्थ होतो.

बंधन आणि विधी

कायद्याने मूल्यमापन सक्तीचे करण्याचा सर्वांत जुना आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद प्रयोग अमेरिकेचा आहे. तेथील १९८० च्या नियामक लवचिकता अधिनियमाच्या कलम ६१० अन्वये, लहान व्यवसायांवर लक्षणीय परिणाम करणाऱ्या प्रत्येक नियमाचे दहा वर्षांच्या आत पुनर्विलोकन करणे शासकीय यंत्रणांवर बंधनकारक आहे. कागदावर ही तरतूद आदर्श दिसते. परंतु तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तिचा निष्कर्ष विचारात पाडणारा होता. कायद्याच्या सक्तीने केलेल्या पुनर्विलोकनांतून बहुतांशी ‘बदलाची आवश्यकता नाही’ असेच निष्पन्न होत होते, तर यंत्रणांनी आपणहून हाती घेतलेल्या पुनर्विलोकनांतून प्रत्यक्ष बदल अधिक होत होते. आणखी एक अडचण त्यात नोंदली होती. नियम करताना त्याचे फलित कसे मोजावयाचे हे ठरविलेले नसल्यामुळे पुढे पुनर्विलोकनाच्या वेळी लागणारी माहितीच हाती नसे. २०१९ मध्ये तेथे पुराव्याधिष्ठित धोरणनिर्मितीचा जो अधिनियम अंमलात आला, त्याने प्रमुख यंत्रणांत मूल्यमापन अधिकारी नेमण्याची आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची याचा आराखडा आधीच करण्याची सक्ती केली, ती या अनुभवाशी सुसंगत आहे. ब्रिटनने २०१५ च्या एका अधिनियमाने, उद्योग-व्यवसायांवर निर्बंध घालणाऱ्या दुय्यम विधानातच पाच वर्षांच्या आत पुनर्विलोकनाचे कलम घालावे, असा दंडक घातला आहे.

आपल्याकडेही ही कल्पना परकी राहिलेली नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र विधिविषयक सुधारणा आयोगाने २०१३ मध्ये, नियामकांनी आपल्या विनियमांचे तीन वर्षांत पुनर्विलोकन करावे असे सुचविले. नादारी व दिवाळखोरी मंडळाने २०१८ मध्ये स्वतःवर तसे बंधन घालून घेतले, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नियामक पुनर्विलोकनासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. ही सर्व उदाहरणे वित्तक्षेत्रातील आहेत. दिवाळखोर कंपनीच्या धनकोला जो नियम लागू होतो तो तीन वर्षांनी तपासला जावा आणि खलाशाला लागू होणारा चाळीस वर्षे तपासला जाऊ नये, यात कोणाच्या आवाजाला किती वजन आहे ते उघड होते. केंद्राचे २०१४ चे विधिपूर्व विचारविनिमय धोरण सर्व खात्यांना उद्देशून आहे. पण ते नावाप्रमाणेच ‘पूर्व’ आहे आणि कायदाही नाही.

अमेरिकेच्या अनुभवावरून एक गोष्ट निश्चित होते. ‘शासन दर पाच वर्षांनी या अधिनियमाचे पुनर्विलोकन करील’ एवढे एक वाक्य घातल्याने काही साधणार नाही. ते वाक्य विधी होऊन बसेल. ज्या विभागाने आदेश काढला, ज्याच्या अधिकाऱ्यांनी तो राबविला आणि २०२१ नंतर ज्याच्याच अधिकाऱ्यांकडे निवाड्याचे काम आले, त्याच विभागाने स्वतःच्या आदेशाचे परीक्षण करावयाचे ठरले तर अहवाल काय येईल हे आजच लिहून ठेवता येईल.

अपेक्षित तरतूद

१९८१ च्या अधिनियमात जे कलम घालावयाचे त्यात निदान पुढील आशय यावा. प्रत्येक निर्बंधाच्या आदेशासोबत, तो कोणत्या हेतूसाठी आहे, त्या हेतूची आजची स्थिती काय आहे आणि कोणत्या बदलास यश मानले जाईल, याचे निवेदन राजपत्रात प्रसिद्ध झाले पाहिजे. तीन हंगामांनंतर परीक्षण व्हावे. पाच वर्षे ही मुदत बांगड्यासारख्या अल्पायुषी माशाच्या आणि रापणीसारख्या हंगामी धंद्याच्या दृष्टीने लांब आहे. परीक्षण विभागाबाहेरील संस्थेने करावे. केंद्रीय मत्स्यिकी संस्था साठ्याचे मोजमाप करू शकतील. परंतु उपजीविका आणि वाटपाचा अभ्यास त्यांच्यावरच सोपवू नये. त्यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांचा उपयोग होऊ शकेल, कारण बंदरावर पहाटे उपस्थित राहू शकणारे पाहणीकार मुंबईहून आणणे परवडणारे नाही. अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेस पाठविला जावा. अहवालात ज्या शिफारशी असतील त्यांवर शासनाने ठरावीक मुदतीत सकारण उत्तर विधिमंडळापुढे ठेवावे.

या सूचनेवरील एक आक्षेप गंभीर आहे. परीक्षणाचे शस्त्र बलवानाच्याच हाती जाईल, आणि ‘आदेशाचा लाभ सिद्ध होत नाही’ असे म्हणून पारंपरिक मच्छीमारांचे उरलेसुरले संरक्षणही काढून घेतले जाईल, अशी ही भीती आहे. ती निराधार नाही. लाभ सिद्ध झाला नाही आणि लाभ झाला नाही, या दोन विधानांतील अंतर दुष्ट हेतूने सहज बुजविता येते. विशेषतः जेथे आरंभस्थितीची नोंदच नाही तेथे. म्हणून आपोआप लोप पावणाऱ्या नियमांचा नमुना, म्हणजे ऑस्ट्रेलियाने दुय्यम विधानासाठी स्वीकारलेली दहा वर्षांची आयुर्मर्यादा, येथे लागू करणे मला अयोग्य वाटते. परीक्षण झाले नाही तर नियम मावळेल अशी व्यवस्था केली, की परीक्षण लांबविण्यातच काहींचा फायदा राहील. आपल्याकडे व्यवस्था उलट असावी. परीक्षण मुदतीत झाले नाही तर आदेश जसाच्या तसा लागू राहावा, आणि ते होऊन अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत आदेशातील कोणताही निर्बंध शिथिल करण्यास शासनास मनाई असावी.

अशा कलमाखाली पहिले परीक्षण २०१६ च्या आदेशाचेच व्हावे लागेल, आणि त्याची आरंभस्थिती आता मागे जाऊनच शोधावी लागेल. सोमवंशी समितीपुढे आलेली सामग्री, केंद्रीय संस्थेचे त्या वर्षांचे अंदाज आणि रापण संघांकडे शिल्लक असतील ते जुने हिशोब, यांपैकी शेवटचा ऐवज सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत नाशवंत आहे. तो एकत्र करून त्याच्या प्रती काढून ठेवण्यासाठी अधिनियमाच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.